मोंटानातील डिलनला एक दिवस द्यावा का?

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून परतताना डिलनसाठी वेळ काढावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य काढावा, आणि त्यातला मोठा भाग बॅनॅक या जुन्या वस्तीला द्यावा. गुरांच्या कुरणांवर जगणाऱ्या डिलन या छोट्या गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर, १८६२ मध्ये ग्रासहॉपर ओढ्यात सोने सापडल्यावर वसलेली ही वस्ती मोंटाना प्रदेशाची पहिली राजधानी होती; आज ती ओस आहे. जिल्हा न्यायालय म्हणून १८७५ मध्ये बांधलेली आणि कारभार डिलनला हलल्यावर पुढे हॉटेल झालेली तिथली विटांची दुमजली इमारत, विशेषतः तिचा वळणदार लाकडी जिना, मला सर्वांत प्रेक्षणीय वाटतो. संध्याकाळी डिलनजवळच्या क्लार्क्स लुकआउट टेकडीवर जावे. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस-क्लार्क मोहिमेतील विल्यम क्लार्कने ऑगस्ट १८०५ मध्ये तिथूनच होकायंत्राने दिशा मोजल्या होत्या. डिलनजवळून वाहणाऱ्या बीव्हरहेड नदीवर मात्र सार्वजनिक वाटेनेच उतरावे, कारण काठची बरीच कुरणे खासगी आहेत.