आजोबांची पद्मिनी आणि नवं इंजिन
आजोबांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत नवं इंजिन कुठलं बसवायचं, हे नंतर बघू. आधी गाडी तुझ्या नावावर कर. मूळ मालक वारले असतील तर आरटीओत फॉर्म ३१ लागतो. इंजिन बदलायची मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालची परवानगीही काम सुरू करण्याआधीच घे. गाडीला ५० वर्षं झाली असतील तर जरा थांब, कारण इंजिनात मोठा फेरफार केलास की विंटेज नोंदणी (मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांची खास नोंदणी) विसर.

स्विफ्टचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नकोस. ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, जोर मागच्या चाकांवर. त्यापेक्षा मारुतीच्या जिप्सी किंवा ईकोचं इंजिन गिअरबॉक्ससकट घे, त्यांचाही जोर मागच्या चाकांवर जातो. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा मात्र जाईल (माझा जीव त्यातच अडकलेला). प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा), रेडिएटर, वायरिंग, इंजेक्शनचा पेट्रोल पंप, हा खर्च वेगळा धर.

मूळ १०८९ सीसीचं इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचं, ब्रेक चारही ड्रमचे. ताकद वाढवलीस तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवेतच.

आणि हो, तळाचा पत्रा टोचून बघ. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार पत्र्याच्या बॉडीवरच. पत्रा सडका निघाला तर सगळे पैसे तिकडे घाल आणि जुन्याच इंजिनाचे झिजलेले सिलिंडर बोअर करून (आतून कातून) घे.