बेघरांच्या धोरणावर लोकांचं म्हणणं गोळा करताना

सप्रेम नमस्कार,

बेघरांसाठीच्या राष्ट्रीय धोरणाच्या मसुद्यावर लोकांचं म्हणणं गोळा करायचं काम तुझ्याकडे आलंय. अभिनंदन मागाहून, आधी कामाचं बोलू. तुझ्या आराखड्यात मसुदा वेबसाइटवर टाकायचा, तीस दिवस सूचना मागवायच्या आणि चार महानगरांत चार परिषदा घ्यायच्या असं आहे. कायदे करण्याआधीच्या सल्लामसलतीसाठी केंद्राने २०१४ मध्ये किमान ३० दिवसांची मुदत घालून दिली आहे, तेव्हा फाइल बिनचूक दिसेल. पण फलाटावर झोपणारा हमाल त्यात येणार कुठून? सूचनांच्या फॉर्मवर तर ‘पत्ता’ हा रकाना अनिवार्य ठेवला आहेस. तो आजच काढ.

लोकांपुढे जाण्याआधी एक हिशेब पाठ असू दे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासूनच्या आदेशांत मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ मध्ये हाच नियम उचलला. एका निवाऱ्यात साधारण शंभर माणसं, माणशी किमान ५० चौरस फूट. २०११ ची शहरी लोकसंख्या सुमारे ३७.७ कोटी, म्हणजे साधारण ३,७७० निवारे आणि पावणेचार लाख जागा. त्याच जनगणनेत शहरांत बेघर मोजले गेले ९.३८ लाख. नियम शंभर टक्के पाळला तरी साठ टक्के माणसं बाहेरच. मुंबईचं बघ: लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे, आणि प्रत्येकाला पाच हजार चौरस फूट. ती जागा कोण देणार, हा प्रश्न मसुद्यात नसेल तर बाकी कलमं नुसती वाचायला बरी.

शिवाय ९.३८ लाख हा आकडाच तोकडा आहे, आणि त्याचं कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. व्याख्येत रस्ता, फुटपाथ, ह्यूम पाइप, पुलाखालची जागा, देवळाचं आवार, फलाट असं सगळं आहे. पण भिंतीला बांधलेली ताडपत्री घर धरायची की उघडं, हे जागेवर प्रगणकच ठरवतो. लग्नाच्या हंगामात केटरिंगवाली पोरं पहाटे परततात. एकटी बाई रात्री हिंडत राहते किंवा इस्पितळाच्या, एसटी स्टँडच्या उजेडात बसून काढते, आणि दिवसा झोपते. तिला रात्रीच्या मोजणीत शोधू नको, दुपारी सार्वजनिक शौचालयाच्या आसपास विचार. परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले आणि महिनोन्‌महिने रस्त्याकडेला राहणारे रुग्ण व नातेवाईक बेघर धरायचे का, हे आधी ठरव. मी धरीन.

आता प्रत्यक्ष बैठका. सभागृह नको. जिथे माणसं झोपतात तिथेच, दुकानांची शटरं पडल्यावर, आठ-दहा जणांचा गट आणि पाऊण तास. बायकांची बैठक वेगळी आणि दिवसा, तृतीयपंथीयांचीही वेगळी. नाक्यावरच्या मजुराचा खाडा होणार असेल तर त्याची मजुरी द्यायची, ही तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच टाक. नंतर लेखा विभाग ‘या खर्चाला शीर्ष नाही’ म्हणून परत पाठवतो. फोटो नाही, आधार कार्ड मागायचं नाही.

‘निवारा हवा का?’ असं विचारलंस तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि त्यातून काही कळणार नाही. असं विचार: काल रात्री कुठे झोपलात? मागच्या पावसात कुठे होतात? सामान कुठे ठेवता? जवळच्या निवाऱ्यात का जात नाही? शेवटच्या प्रश्नात अर्धं धोरण दडलेलं आहे. उत्तरं साधारण ठरलेली असतात. तिथे नवरा-बायकोला वेगळं ठेवतात. भंगाराचं पोतं आत घेत नाहीत. दार दहाला बंद होतं आणि काम बाराला सुटतं. आणि कामाची जागा लांब पडते. पोट जिथे तिथे फुटपाथ, ही गोष्ट मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली होती आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला होता. (फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मनाई मात्र केली नव्हती. भाषणांत हा भाग गाळला जातो.)

निवाऱ्यात आधीच राहणाऱ्यांनाच बोलावून भागवू नको. ते त्या व्यवस्थेत बसलेले आहेत, तुला न बसलेले हवेत. संस्थांचे कार्यकर्ते दुभाषे म्हणून लागतील, पण त्यांचं मत वेगळ्या कागदावर घे.

सगळ्यात मोठा धोका तुझ्याच नकाशाचा आहे. कोण कुठे झोपतं याची नेमकी यादी तयार झाली की ती अतिक्रमण विभागाच्या टेबलावर पोचते, आणि पुढच्या आठवड्यात गाडी येऊन ताडपत्र्या उचलते. पुन्हा त्या भागात तुझ्याशी कोणी बोलणार नाही. म्हणून जाहीर करायचे ते फक्त प्रभागवार आकडे. ठिकाणांची वही एकाच माणसाकडे, आणि ती कधी नष्ट करायची ते आधीच लेखी ठरलेलं.

आलेल्या सूचनांसाठी तीन रकान्यांची वही कर: माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, मसुद्यातलं संबंधित कलम, आणि काय ठरलं व का. ‘नोंद घेतली’ हा शेरा चालणार नाही. एक तर कलम बदललं, नाही तर नाकारण्याचं कारण. मग त्याच गटांकडे परत जाऊन हे मोठ्याने वाचून दाखव. सहसा या दुसऱ्या फेरीलाच पैसे उरत नाहीत, म्हणून एकूण खर्चाचा चौथा हिस्सा तिच्यासाठी बाजूला काढ.

खात्यांचंही सांगतो. जमीन आणि स्थानिक संस्था राज्यांच्या सूचीत आहेत, म्हणून दिल्ली पैसे आणि निकष देऊ शकते, भूखंड नाही. अपवाद रेल्वेसारख्या केंद्राच्या जमिनींचा, त्यामुळे रेल्वेला बैठकीत बसवच. भटकेपणा आणि भटक्या-स्थलांतरित जमाती हा विषय मात्र समवर्ती सूचीत (ज्यावर केंद्र आणि राज्यं दोघंही कायदे करू शकतात), एकाच नोंदीत आहे. पुलाखाली राहणाऱ्या पारधी कुटुंबाला या शेजाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा उपजीविकेचं साधन दिसत नाही म्हणून भटकणाऱ्यालाही भिकारी ठरवतो. त्यातली शिक्षेची कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, पण दिल्लीपुरतीच. एका खात्याने निवारा द्यायचा आणि दुसऱ्याने त्याच माणसाला उचलायचं, हे मसुद्यात सुटलं नाही तर तुझ्या बैठकांत पहिला प्रश्न तोच येईल. तेव्हा गृह खात्याचा अधिकारी पहिल्याच बैठकीला हवा. शेवटच्या बैठकीला बोलावलंस, तर तो ‘तपासून कळवतो’ म्हणेल आणि मसुदा तिथेच अडेल.

सुधारलेला आराखडा पाठव. अंदाजपत्रकाचं पान आधी.