पूरग्रस्तांच्या घरी गाळ उपसायला जाताना

प्रश्न : पूर ओसरला की आमच्या धर्मग्रामातले १५ तरुण-तरुणी आठवडाभर कोकणात मदतीला जाणार आहेत. राहायची सोय फादरांनी केली आहे, पण अशा कामाचा अनुभव कोणालाच नाही. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, वसई)

उत्तर : फावडे उचलण्याआधी घरमालकाला विचारा, पंचनामा झाला का? त्याआधीच भिजलेला फ्रीज, गाद्या, धान्य बाहेर फेकले गेले, तर नुकसानीच्या नोंदीत ते यायचे कसे? पंचनामा लांबला असेल, तर भिंतीवरची पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढून मगच हात लावा. मेन स्विच बंद ठेवा. वायरमनने तपासल्याशिवाय कोणी तो चालू करायचा नाही. बोर्डात गाळ शिरलेला असतो.

गाळ ओला आहे तोवर काढा, वाळला की कुदळ लागते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत अर्धा फूट गाळ म्हणजे ६० घनफूट. घमेल्यात अर्धा घनफूट धरला तरी एका खोलीच्या १२० खेपा झाल्या. तेव्हा ‘दिवसाला पाच घरे’ असले बेत इथेच सोडून या. तिघे फावड्यावर, बाकीचे रांगेत, घमेली हातोहात. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या, नाहीतर फावडेवाल्याची कंबर संध्याकाळपर्यंत धरलीच म्हणून समजा. गाळ गटारात लोटू नका, पुढच्या सरीला ते तुंबून पाणी घरात येते.

जुनी जांभ्याची भिंत मातीत बांधलेली असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचा गाळ बरोबरीने उतरवा. एकीकडे मोकळे आणि दुसरीकडे ढीग राहिला की ओली भिंत कलते. धुतल्यावर लगेच रंग देऊ नका. ओल आत कोंडली की लोणा (पांढरा खार) लागतो आणि रंगाचे पोपडे निघतात. सागवानी दारे सावलीत वाळवा, उन्हात ती तडकतात. फुगलेले प्लायवूड मात्र वाचत नाही.

गमबूट आणि रबरी हातमोजे प्रत्येकाला हवेतच. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्याआधी घ्या. लेप्टोच्या (उंदरांच्या मूत्रातून पाण्या-चिखलात येणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांचे डॉक्टरांना विचारा, मनाने घेऊ नका.

प्रश्न : सोबत प्रार्थनेची पत्रके वाटावीत का?

उत्तर : नाही. मदतकार्याची आचारसंहिता १९९४ साली रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी मिळून आखली, त्यांत कॅथलिकांची कारितास ही मदतसंस्थाही होती. मदतीच्या आडून कोणताही धार्मिक वा राजकीय विचार पुढे करायचा नाही, असे तीत स्पष्ट आहे. आपली मिस्सा, प्रार्थना मुक्कामाच्या जागी करा.

प्रश्न : विहिरीत पुराचे पाणी गेले आहे. पावडर किती टाकायची?

उत्तर : आधी उपसा, पण हळूहळू. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर एकदम रिकामी केली, तर बाहेरच्या दाबाने विहिरीचे बांधकाम आत ढासळते. डिझेल पंप चालू असताना कोणालाही विहिरीत उतरवू नका, धुराने जीव जातो.

नवे पाणी भरले की ते किती आहे ते काढा : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळी मापे मीटरमध्ये. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल, तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग पावडर), या हिशेबाने ७० ग्रॅम. ती थेट टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती दोराने विहिरीत बुडवून खालीवर हलवा. तळाचा चुना फेकून द्या. तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहण्याची) करा. पिवळा रंग आला नाही, तर पावडर जुनी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे. पुन्हा मात्रा द्या, पुन्हा तासभर थांबा. पुराच्या विहिरीला हे दोनतीनदा करावे लागू शकते. तोवर पाणी उकळूनच प्यायचे, तुम्हीसुद्धा.