आजीच्या नावाचं दुकान आणि चुलतभावाचा अर्ज

गोव्यातल्या म्हापशाच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नावं गाळून, थोडक्यात देतो.

"आजोबांनी १९५४ साली म्हापशाच्या बाजारात भाड्याच्या जागेत चपलांचं दुकान घातलं आणि त्याला आजीचं नाव दिलं. आजोबा १९८८ मध्ये गेले, आजी १९९६ मध्ये. पुढे बाबा आणि काका दोघे मिळून दुकान बघत. लेखी भागीदारी कधीच नव्हती. २००९ पासून काका तब्येतीमुळे घरीच असतात. गेल्या वर्षी बाबा वारले. आता आई आणि मी दुकानात बसतो, भाऊ परदेशी असतो. काकांच्या मुलाने पर्वरीला त्याच नावाचं शोरूम काढलंय. पाटीवर '१९५४ पासून' असं लिहिलंय आणि ते नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या एकट्याच्या नावावर करायला अर्ज दिलाय. इकडे आत्या हिस्सा मागते. १९७९ साली लग्नाच्या वेळी तिने हक्क सोडल्याचा कागद आमच्याकडे आहे. दुकानाची सत्तरी झाली म्हणून मी इतिहासाची पुस्तिका छापायला घेतली आहे. हे नाव आणि हा इतिहास नेमका कुणाचा?"

ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांत मुदत धावते आहे ती एकालाच, म्हणून तिथून सुरुवात करतो. ट्रेडमार्कचा अर्ज तपासणीनंतर ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. त्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवावा लागतो, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. तुम्हाला ही गोष्ट कधी कळली याला तिथे काही अर्थ नाही. अर्जाची स्थिती ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, ती आजच पाहा. विरोधाचा फॉर्म टीएम-ओ. ऑनलाइन भरला तर एका वर्गाला २,७०० रुपये शुल्क. पादत्राणं पंचविसाव्या वर्गात येतात आणि दुकानातून विक्रीची सेवा पस्तिसाव्या. त्याने दोन्हीत अर्ज केला असेल तर विरोधही दोन्हीत हवा. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने प्रतिउत्तर दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

अर्जासोबत त्याने काय जोडलंय तेही वाचा. आधीपासूनच्या वापराचा दावा करणाऱ्याला तसं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. १९५४ पासूनचा वापर आजोबांचा. तो आपल्या खात्यावर घ्यायचा तर आजोबांपासून स्वतःपर्यंत हक्क कसा आला हे त्याला दाखवावं लागेल, आणि तिथेच त्याची बाजू लंगडी पडते. काका हयात आहेत. बाप हयात असताना मुलाला आजोबांच्या वारशात स्वतःचा असा हिस्सा नसतो. काकांनी त्याला काही लिहून दिलं असेल, तरी ते फार तर आपल्या हिश्श्यापुरतं देऊ शकतात. अख्खं नाव देण्याचा अधिकार त्यांना एकट्याला नाही. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरण्याची मुभा ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ देतं, पण पाटीवर नाव आजीचं आहे, त्याचं नव्हे. आणि समजा नोंदणी होऊन गेली असली तरी सगळं संपलं असं नाही. कलम ३४ आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण देतं आणि कलम ५७ खाली नोंद रद्द करून घेता येते. मात्र डोळ्यांदेखत पाच वर्षं गप्प बसलात तर नोंदणीला आव्हान देणं फार अवघड होतं.

आता हिस्से. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते आणि बायको निम्म्याची मालकीण असते. म्हणजे आजोबांच्या हयातीतही धंद्याचा अर्धा भाग आजीचा होता. ती गल्ल्यावर बसली की नाही, हा प्रश्नच येत नाही. दोघांच्या मागे मृत्युपत्र नसेल तर बाबा, काका आणि आत्या यांना प्रत्येकी एक तृतीयांश. (मृत्युपत्र निघालंच, तरी मुलांचा राखीव अर्धा हिस्सा त्याने हिरावून घेता येत नाही.) बाबांच्या तृतीयांशाची निम्मी मालकी तुमच्या आईची, म्हणजे एक षष्ठांश, उरलेला एक षष्ठांश तुम्हा दोघा भावंडांत निम्मा-निम्मा. तुमचा स्वतःचा हिस्सा एक द्वादशांश भरतो. हे मी मुद्दाम मांडतोय, कारण पत्रात तुम्ही दोन ठिकाणी "माझं दुकान" असं लिहिलंय. चुलतभावाची चूक हीच आहे. ती तुमच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आत्याबाईंचा १९७९ चा कागद कपाटातच राहू द्या. तेव्हा आजी-आजोबा दोघंही हयात होते. जिवंत माणसाच्या भावी वारशावरचा हक्क सोडता येत नाही की विकताही येत नाही. पोर्तुगीज नागरी कायद्यातही तसंच होतं, आजही तसंच आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांत मुलीच्या लग्नाच्या गडबडीत असे कागद झाले आणि भावांनी ते खरे धरले. माणूस गेल्यावर, म्हणजे वारसा खुला झाल्यावर, नोटरीसमोर सार्वजनिक दस्ताने, नवऱ्याच्या संमतीसह केलेला हक्कत्याग ही वेगळी गोष्ट. तसा दस्त तुमच्याकडे नाही.

पण आत्याचा तृतीयांश नेमका कशात? १९८८ ला फळीवर असलेला माल तेव्हाच विकला गेला. त्यानंतरची वाढ बाबा आणि काकांच्या मेहनतीची. माझ्या मते आत्याचा हक्क जागेच्या भाडेहक्कात आणि दुकानाच्या नावात, त्या नावाने बाजारात कमावलेल्या विश्वासात आहे. आज दुकानात असलेल्या प्रत्येक जोडीत नाही. हिशेबाला बसाल तेव्हा हा फरक लावून धरा.

आता तुमच्या पुस्तिकेकडे येतो, कारण तिच्यासाठी तुम्ही गोळा करता आहात तोच तुमचा पुरावा आहे. आजोबांच्या वह्या मिळाल्या असं तुम्ही लिहिलंय. १९५८ पर्यंत गोव्यात रुपया होता तो पोर्तुगीज इंडियाचा. १९५९ मध्ये एका रुपयाला सहा या दराने एस्कुदो आला. मुक्तीनंतर १९६२ मध्ये भारतीय रुपया. सलग वह्यांमध्ये हिशेबाचं चलन या वर्षांशी जुळवून बदललेलं दिसलं, तर त्या नंतर कुणी बसून लिहिल्या असं म्हणणं समोरच्याला जड जाईल. नियमित ठेवलेल्या हिशेबवह्या पुरावा म्हणून चालतात, फक्त तेवढ्यावर कुणावर देणं बसवता येत नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं धरण्याची मुभा न्यायालयाला आहे. म्हणून वह्या आहेत तशाच ठेवा. नवं बाइंडिंग नको, पेनाच्या खुणा नकोत. पानांचे फोटो काढताना वही कुणाच्या घरी, कुठे सापडली तेही लिहून ठेवा. पोर्तुगीज काळातला नगरपालिकेचा परवाना किंवा कराची पावती घरात नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधा. पणजीतच पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत. 'गोमन्तक' १९६२ पासून निघतोय. चतुर्थी-दिवाळीच्या अंकांत आणि जूनमध्ये शाळा उघडताना दुकानांच्या जाहिराती यायच्या. आजीच्या नावाची तीन ओळींची जाहिरात मिळाली, तर दहा नातेवाइकांच्या साक्षीपेक्षा ती मोलाची. बाबांची प्राप्तिकर विवरणपत्रंही काढा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ खाली गोव्यातल्या जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवावं लागतं, तेव्हा आईच्या हिश्श्याची नोंद तिथे वर्षानुवर्षं झालेली असणार.

पुस्तिका मात्र विरोधाचा पुरावा दाखल होईपर्यंत छापू नका. तुम्ही छापलेलं प्रत्येक वाक्य उद्या तुमची कबुली म्हणून समोर ठेवलं जाईल. "२००९ नंतर काकांनी दुकानाकडे पाठ फिरवली" हे कच्च्या मसुद्यातलं वाक्य काढाच. ते माणूस म्हणून टोचणारं आहे, आणि धंदा सोडला असं काका स्वतः मान्य करत नाहीत तोवर कायद्यानेही निरुपयोगी. काकांनी कोणती वर्षं गल्ला सांभाळला, आत्याने लग्नाआधी काय काम केलं, हे खरं असेल तर लिहा. ते वगळलंत आणि त्यांनी एखादा जुना फोटो पुढे केला, तर तुमच्या बाकीच्या पानांवरचा विश्वासही जाईल.

दोन गोष्टी घाईने. भाडं दर महिन्याला बँकेतून भरत राहा आणि पावती कुणा एकाच्या नावावर करून मागू नका. आणि बाबांच्या जीएसटी क्रमांकावर अजून बिलं फाडत असाल तर ते ताबडतोब थांबवा. एकल मालक वारला की धंदा चालवणाऱ्याला नवी नोंदणी घ्यावी लागते. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने वळवता येतं. ही नोंदणी तुमच्या नावावर झाली म्हणून दुकान तुमचं होत नाही, आणि बाबांच्या नावावर होती म्हणून काकांचा हिस्सा गेला नाही. चुलतभावालाही हाच नियम.

वाटणीचा कायदेशीर मार्ग म्हणजे इन्व्हेंटरी. २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली दिवाणी न्यायालयात कुणीही वारस ती सुरू करू शकतो. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि वारस आपसात बोली लावतात. ज्याची बोली वरची तो वस्तू घेतो आणि इतरांना पैसे देतो. दुकानाचे तुकडे होत नाहीत ही त्यातली चांगली बाजू. पण पर्वरीत शोरूम काढणाऱ्या घराकडे तुमच्यापेक्षा जास्त पैसा असणार, आणि नाव बोलीला लागलं तर ते त्यांच्याकडे जाऊ शकतं. म्हणून माझा सल्ला असा: विरोध आधी दाखल करा, मग लगेच समेटाची बोलणी काढा. नाव घराण्याच्या तिन्ही शाखांच्या (बाबा, काका, आत्या) संयुक्त मालकीत नोंदवता येतं. म्हापशाचं दुकान मूळ, पर्वरीचं त्याच घरातलं नवं, आणि आत्याला नावाच्या वापराबद्दल ठरलेली रक्कम. दोन्ही पाट्यांवर 'स्थापना १९५४' राहायला हरकत नाही, खाली आजोबांचं नाव येऊ द्या.

बोलणी आत्यापासून सुरू करा. तिचा तृतीयांश ज्या बाजूला असेल तिचं पारडं जड होईल, हे चुलतभावालाही आज ना उद्या कुणी सांगेलच. तिच्याकडे जाताना सहीसाठी तयार कागद नेऊ नका. हिश्शांचं हे गणित आणि वह्यांचे फोटो न्या, आणि तिच्या यजमानांनाही बसवून घ्या, कारण त्यांच्या सहीशिवाय पुढचा कोणताच दस्त होणार नाही.