लॉग म्हणजे 'कितवा?'

परभणीच्या एका वाचकानं विचारलंय: मुलगी अकरावीला आहे, तिच्या वहीत 'लॉग₂ ८ = ३' असं लिहिलेलं दिसलं. हे मराठीत वाचायचं कसं? लॉगला मराठी शब्द कोणता? आणि आपण शाळेत शिकलो तो घातांक हाच की दुसरा? शेवटी त्यांनी हळूच जोडलंय, 'आमच्याकडं घात म्हणजे पेरणीची घात. गणितात ती कशी शिरली?'

आधी वाचायचं बघू. खाली बारीक अक्षरात लिहिलेला २ हा पाया. 'पाया २ असताना ८ चा लॉग ३' हे वाचन बिनचूक आहे, पण ऐकून डोक्यात काही उजेड पडत नाही. मी ते असं वाचतो: '२ चा कितवा घात ८? तिसरा.' नव्या पाहुण्यानं पोरीला 'तू घरात कितवी गं?' म्हणून विचारावं, तितकं सरळ. इंग्रजीला 'कितवा' एका शब्दात विचारता येत नाही, आपल्याला येतो. लॉगच्या चिन्हात नेमका तोच प्रश्न आहे.

म्हणजे लॉग हा घातांकच. २³ = ८ यात घातांक माहीत असतो, उत्तर काढायचं असतं. लॉग₂ ८ यात उत्तर हातात असतं, घातांक हुडकायचा असतो. गोंधळ होतो तो लिहिण्यात. एकीकडं २ मोठा आणि ३ त्याच्या डोक्यावर, दुसरीकडं तोच २ बारीक होऊन लॉगच्या पायाशी. मग पोरं 'लॉग गुणिले २ गुणिले ८' असं काहीतरी करून बसतात. नुसतं 'लॉग' हे चिन्ह, ती संख्याच नव्हे, त्याला कशानं गुणणार?

आता 'घात'. विश्वासघातातला घात आणि गणितातला घात एकाच घरचे, मूळ अर्थ मारणे, प्रहार करणे. जुने संस्कृत गणिती गुणाकाराला हनन, वध असले शब्द बिनदिक्कत वापरत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) वर्गाची व्याख्या आहे, 'समद्विघातः कृतिरुच्यते': दोन सारख्या संख्यांचा घात, म्हणजे गुणाकार, तो वर्ग. तीन सारख्यांचा तो घन. तिथं कुठलाही गुणाकार घात असे; आज आपण सारख्या संख्यांच्या गुणाकारापुरताच तो शब्द ठेवलाय. शेतातली मात्र 'ती' घात, म्हणजे पेरणीजोगी वेळ. घात आली, घात चुकली, घातीवर पेरलं. गणितातला 'तो' घात. लिंगावरूनच ओळखायचं.

लॉगला 'लघुगणक' म्हणतात, हिंदी पुस्तकांत तर सर्रास. मला तो पटत नाही. स्कॉटलंडचा गणिती नेपियर यानं १६१४ मध्ये मूळ 'लॉगॅरिदम' शब्द घडवला तो ग्रीकमधल्या लोगोस (गुणोत्तर) आणि अरिथमोस (संख्या) यांतून. त्यात लघु काहीच नाही, फक्त कानाला 'लॉग'जवळचं वाटतं. शिवाय संगणकाशेजारी लघुगणक ठेवला की खिशातलं कॅल्क्युलेटर वाटतं. आणि बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही म्हणून तर लॉग टेबल वापरू देतात! लॉगच म्हणा.

खरा जुना शब्द हवाच असेल तर तो आहे 'अर्धच्छेद'. नवव्या शतकात वीरसेन या जैन आचार्यांनी 'धवला' या भाष्यग्रंथात तो वापरलाय. काळ राष्ट्रकूटांचा. हे राजे आपलं मूळ गाव लट्टलूर सांगत, आणि ते म्हणजे आपलं लातूर असं इतिहासकार मानतात. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ८ चे निम्मे ४, त्याचे २, त्याचा १. तीन वेळा, म्हणून ८ चे अर्धच्छेद ३. हाच लॉग₂ ८. तिनानं भागत गेलं तर त्रिकच्छेद, म्हणजे पाया ३.

ज्वारीची भाकरी घ्या. एकदा निम्मी केली की अर्धी, परत निम्मी केली की चतकोर, तिसऱ्यांदा नितकोर. एका भाकरीचे नितकोर आठ, निम्मं करणं तीनदा. माझ्या आजीनं लॉग हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, पण ताटात चतकोर वाढायची की नितकोर हे तिला पक्कं ठाऊक असे.

'कितवा'ची गाडी एका ठिकाणी अडते, हेही सांगायला हवं. १० चा कितवा घात २? लॉग टेबलात २० च्या ओळीत (२ साठी तीच बघायची) पहिल्याच रकान्यात ३०१० दिसतं, म्हणजे ०.३०१०. आता '०.३०१० वा घात' म्हणायला जीभ वळत नाही. तिथं 'घातांक किती?' असं विचारावं. मुलीला पडताळा बघायचा असेल तर ०.३०१० ला दहानं गुणायला सांगा: ३.०१०. म्हणजे २ चा दहावा घात १० च्या तिसऱ्या घाताच्या, हजाराच्या, किंचित पुढं असणार. आहेच की, १०२४.