घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

मे महिन्यात महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी लागते आणि माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इमारती तपासणं हे माझं रोजचं काम. नोटिशीचा कागद हातात आल्यावर लोक शेजाऱ्याला विचारतात, एजंटला विचारतात, आणि सगळ्यात शेवटी ज्याला विचारायला हवं त्याला. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

आम्ही पंधरा वर्षं नियमित घरपट्टी भरतो. लाइट बिलही नावावर आहे. मग आमची इमारत अनधिकृत कशी? (डोंबिवली)

असू शकते. कर विभाग कर घेतो, परवानगी नगररचना विभाग देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्ती लावायची तरतूद आहे, आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही त्याच कलमात आहे. मंजूर नकाशा, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), हे तीन कागद शोधा. सापडले नाहीत तर माहिती अधिकारात मागा.

बाल्कनीला स्लायडिंग लावून ती खोलीत घेतली आहे. सोसायटीची एनओसी आहे. पुरे ना? (नवी मुंबई)

नाही. सोसायटीला बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार नाही. परवानाधारक आर्किटेक्टला मंजूर नकाशा दाखवा आणि मधली भिंत काढली असेल तर इंजिनियरलाही बोलवा.

बिल्डर म्हणतो, ओसी पंधरा दिवसांत येतेय, तोवर ‘फिट-आउट’साठी ताबा घ्या. घ्यावा का? (पुणे)

घेऊ नये. ‘फिट-आउट’ म्हणजे आतलं फर्निचर-सजावट करून घेणं, आणि हा बिल्डरच्या सोयीचा शब्द आहे. तुम्ही एकदा सामान आणून राहायला लागलात की त्याची घाई संपते आणि तुमची सुरू होते. पंधरा दिवसांची पंधरा वर्षं झालेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली आहे आणि राहण्यायोग्य आहे, हे पालिकेनं लिहून देणं. बिल्डरनं जास्तीचे मजले चढवले असतील, तर ते इथेच अडकतात. वरळीच्या कॅम्पा कोलाचं उदाहरण समोर आहे. तिथे पाच मजल्यांची परवानगी होती आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरं घेतली, वर्षानुवर्षं राहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा मजले पाडण्याचा आदेश कायम ठेवला आणि २०१४ मध्ये त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडायला पालिका दारात आली. ‘दंड भरून रेग्युलर करून देतो’ हे आश्वासन तिथल्या लोकांच्या कामाला आलं नाही.

१७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की ताबा ओसीनंतरच द्यायचा, वीज-पाण्याची जोडणी ओसी पाहूनच द्यायची आणि बँकांनीही कर्ज देताना ओसी तपासायची. पैसे अडकले असतील तर महारेरातली (बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणातली) कामं करणाऱ्या वकिलाला करारनामा दाखवा. फोनवरच्या सल्ल्यावर सही करू नका.

आमची इमारत ३४ वर्षांची, तळमजला अधिक चार. पार्किंगमधल्या दोन खांबांना उभ्या चिरा आहेत. कमिटी म्हणते, या वर्षी रंग आणि वॉटरप्रूफिंग उरकून घेऊ, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) पुढच्या वर्षी. वॉटरप्रूफिंगवाला ऑडिट फुकट करून देतोय. तळमजल्याच्या दुकानदारानं दुकान वाढवायला काहीतरी तोडलंय, ब्रेकरचा आवाज दोन दिवस येत होता. (ठाणे)

या पत्रातली प्रत्येक ओळ मला काळजीत टाकते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चिरा. गिलाव्याची चीर जाळ्यासारखी, आडवीतिडवी, केसाएवढी असते. खांबावर सरळ उभी, सळईच्या रेषेत जाणारी चीर वेगळी. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. चिरेशेजारी तांबूस डाग आहे का ते पाहा. लहान हातोडीनं हलकेच ठोका. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बदबद वाजतं. हे फक्त तुमच्या प्राथमिक समजुतीसाठी. आवाज चांगला आला म्हणून खांब चांगला असं कुणी ठरवू नये.

अशा खांबाला रंग लावणं म्हणजे रोग झाकणं. गेल्या वर्षी एका इमारतीत प्रवेशद्वाराचे खांब ग्रॅनाइटनं मढवलेले होते. दिसायला देखणे. एक लादी काढायला लावली, तर मागचं काँक्रीट हातानं निघत होतं आणि बोटाएवढी सळई पेन्सिलीएवढी उरली होती. तीन वर्षांपूर्वी ते ग्रॅनाइट बसवताना कारागिराला हे दिसलं असणार. त्यानं सिमेंट थापलं आणि पुढे गेला.

आता फुकट ऑडिट. जो दुरुस्ती विकतो त्याच्याकडून तपासणी करून घ्यायची नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये तुमच्या इमारतीला तेच औषध लागतं जे त्याच्या गोडाउनमध्ये पडलेलं असतं. पालिकेच्या यादीवरचा परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर नेमा, त्याची फी सोसायटीनं भरावी. रिपोर्टमध्ये नुसते फोटो आणि ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढंच वाक्य असेल तर परत करा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, कार्बोनेशन, हाफ सेल, गरज पडली तर कोअर, या काँक्रीट आणि सळईच्या चाचण्यांचे आकडे कोणत्या खांबाचे, कोणत्या बीमचे, हे नकाशावर दाखवलेलं पाहिजे. शेवटी इमारत कोणत्या वर्गात बसते ते लिहिलेलं हवं: सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

‘पुढच्या वर्षी’ हा पर्याय तुमच्याकडे नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट कायद्यानं बंधनकारक आहे. मुंबईत महापालिका अधिनियमाचं कलम ३५३ब, ठाण्यासारख्या इतर महानगरपालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी, त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं आहे. तुमचं आतापर्यंत किमान तीनदा व्हायला हवं होतं.

आणि दुकान. तळमजल्याचा खांब वरच्या चारही मजल्यांचं ओझं जमिनीत नेतो. दुकानदाराला तो जागा अडवणारा दगड वाटतो. मी एका दुकानात शटरची पट्टी बसवायला खांबाचा कोपरा फोडलेला पाहिला आहे. आतल्या दोन सळया उघड्या, त्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा तुटलेल्या, आणि एक सळई आड येत होती म्हणून ग्राइंडरनं कापलेली. वर शाळकरी मुलं राहत होती. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत सकाळी कोसळली आणि १७ माणसं गेली. तिथे तळमजल्यावर फेरबदलाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. रहिवाशांनी ब्रेकरचा आवाज ऐकलेला असतो. तो ऐकून गप्प बसू नका, एवढंच मी हात जोडून सांगतो.

म्हणून तुम्ही: आजच दुकानातलं काम लेखी कळवून थांबवा, प्रभाग कार्यालयात तक्रार द्या, इंजिनियरला उद्याच्या उद्या बोलवा. तो सांगेल तिथे लोखंडी टेकू लावा. चिरा वाढताना दिसल्या, दारं अडकायला लागली, माती किंवा गिलावा झडण्याचा आवाज आला, तर ऑडिटची वाट न पाहता बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

आम्ही पागडीचे भाडेकरू. इमारत सी-१ ठरली. मालक म्हणतो, खोली सोडलीत की हक्क गेला. (गिरगाव)

हे खरं नाही. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून नोंदवलं जातं. त्या नोंदीची प्रत पालिकेकडून घ्या आणि भाडेपावत्या, रेशन कार्ड, जुनी बिलं पिशवीत भरून ठेवा.

मालकाचा इंजिनियर सी-१ म्हणतो आणि तुमचा सी-२ब म्हणतो, असं असेल तर दोन्ही रिपोर्ट पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे न्यायचे असतात. पुनर्विकासासाठी चांगली इमारत सी-१ करून घेणारे आहेत, हे मला माहीत आहे. पण तुमची इमारत तशीच असेल असं धरून आत राहू नका. निकाल लागेपर्यंत कुठे राहायचं ते वकील आणि इंजिनियर दोघांशी बोलून ठरवा. हक्क कागदावर टिकवता येतो.

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडबद्दल एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली आहे. नगरसेवक म्हणतात, काही होत नाही, ठेवून द्या. (कल्याण)

ठेवून देऊ नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. ती मुदत गेली की तो दरवाजा बंद होतो, आणि नियमात बसणारी शेडसुद्धा केवळ उशिरामुळे जाते. नोटीस चुकीची वाटत असेल तर लेखी उत्तर आणि सुनावणीची मागणी करा. कारणे दाखवा नोटीस आणि किमान १५ दिवस दिल्याशिवाय पाडकाम करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. मात्र रस्ता, फुटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. वकील या आठवड्यातच गाठा.

शेजारी दोन महिन्यांत पाच मजले चढले. बोर्ड नाही, नकाशा नाही. तक्रार केली तर वैर येईल. करावी का? (भिवंडी)

करावी. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अशीच काही महिन्यांत उभी केलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण मेले. त्यात आत राहायला आलेली कुटुंबं होती, काम करणारे मजूर होते.

तक्रार प्रभागाच्या पदनिर्देशित (बेकायदा बांधकामांवर कारवाईसाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याच्या नावानं, लेखी, तारीख असलेल्या फोटोंसह द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एकट्याला भीती वाटत असेल तर दहा घरांच्या सह्या घ्या. आणि ती इमारत तुमच्या भिंतीला टेकून उभी असेल तर तुमच्या इमारतीच्या पायाला धक्का लागलाय का, हे इंजिनियरकडून आधी तपासून घ्या.