आपला केर आपण काढायचा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा निरोप सकाळी चहा घेताना पाहिला. "मावशी, इथे मी कोणालाच नकोय," एवढंच, आणि खाली जर्मनीतल्या तुझ्या या श्टुटगार्टच्या घराच्या दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो. फोटो मोठा करून पाहिला. चौकटीचा कागद, शाळेतल्या बाईंसारखं सरळ अक्षर, "कृपया केरवोख पाळावी" आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. म्हणजे जिना झाडायची तुझी पाळी तू चुकवलीस. मला हसू आलं. राग मानू नकोस. मलाही अशी चिठ्ठी मिळायला हवी होती, चार वर्षं कोणी लिहिलीच नाही. का लिहिली नाही, ते पुढे सांगते.

फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून लिहिते आहे. तेही मराठीत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या रविवारच्या मराठी शाळेत तुझ्या आईने तुला ओढत नेलं, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. अडलं तर मला विचार. आईला हे पत्र दाखवू नकोस, ती लगेच न्यू जर्सीचं तिकीट काढेल.

कागदपत्रांचं आधी उरकते. पत्त्याची नोंदणी तू दोन आठवड्यांत केलीस, टीव्ही नसतानाही घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे भरायचे हे चिडचिड करत का होईना पचवलंस, ओट्याशिवाय आणि सिंकशिवाय भाड्याने मिळालेल्या स्वयंपाकघरात ओटा बसवून घेतलास. यात मी शिकवण्यासारखं काही नाही. दोनच गोष्टी कानात घालते. एक, तुझा पगार सरकारी विम्याच्या सक्तीच्या मर्यादेच्या वर आहे म्हणून खाजगी आरोग्य विमावाले तुझ्या मागे लागतील. तिशीच्या आत तो स्वस्त वाटतो, पण पंचावन्न ओलांडल्यावर सरकारी विम्याकडे परतायचा रस्ता जवळजवळ बंद होतो. आत्ताच सरकारीत राहा. दोन, तू कुठेही राहिलीस तरी अमेरिकेला दरवर्षी कराचं विवरणपत्र द्यायचंच आहे, आणि इथल्या खात्यांची बेरीज दहा हजार डॉलरच्या वर गेली की त्याचा वेगळा फॉर्म. परदेशी बँकांना अमेरिकनांची खाती कळवायला लावणाऱ्या २०१० च्या त्या अमेरिकन कायद्यानंतर इकडच्या बँका अमेरिकन पासपोर्ट पाहिला की हात आखडतात. माझं गुंतवणुकीचं खातं एका बँकेने दोन ओळींच्या पत्रात बंद केलं होतं. मनाला लावून घेऊ नकोस. तो पासपोर्टचा प्रश्न आहे, तुझा नाही.

चिठ्ठीचा प्रश्न मात्र तुझा आहे.

केरवोख म्हणजे झाडलोटीचा आठवडा. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चमकले होते. आपला केर आणि यांचा केर! भाषातज्ज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, मी हा योगायोग सोडणार नाही. १४९२ मध्ये, म्हणजे कोलंबस तुझ्या त्या खंडाला जाऊन धडकला त्याच वर्षी, इथला तेव्हाचा सत्ताधीश, दाढीवाला एबरहार्ड, याने श्टुटगार्टकरांना कायदा करून सांगितलं की ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकायची. शहराचा झाडलोटीचा नियम १९८८ मध्ये गेला, पण भाडेकरारांत आणि लोकांच्या डोक्यांत तो तसाच आहे. तुझ्याही करारात असणार, सहीच्या आधीच्या पानावर. वाचला नसशील. मीही वाचला नव्हता.

आता तुझं म्हणणं. "जिना स्वच्छच होता, मावशी. स्वच्छ जिना का झाडायचा?" हा प्रश्न अगदी अमेरिकन आहे, आणि अगदी पुणेरीसुद्धा. कामाचा निकाल दिसला की झालं, काम कोणी केलं याच्याशी काय देणंघेणं! अगं, इथे जिना स्वच्छ करायचा नसतोच मुळी. बादली पायरीवर ठेवल्याचा आवाज वरच्या आणि खालच्या दारामागे जायला हवा असतो. आज हिचा आठवडा आहे आणि ही बाहेर आली आहे, एवढं कळायला हवं असतं. आपला केर आपण काढायचा, तो असेल तरी आणि नसेल तरी.

आपल्याला हे जड का जातं माहीत आहे? पुण्यात आमच्या बिल्डिंगचा जिना झाडायला एक बाई यायच्या. मी तिथे एकवीस वर्षं राहिले आणि त्यांचं नाव मला आजही सांगता येणार नाही. बैठकीच्या भिंतीवर मात्र खराटा घेतलेल्या गाडगेबाबांचा फोटो होता, माझ्या आजोबांनी लावलेला. मग न्यू जर्सी. तिथे पानं उडवायचं यंत्र पाठीवर घेऊन चारजण ट्रकमधून यायचे आणि अर्ध्या तासात जायचे. त्यांचीही नावं माहीत नाहीत. म्हणजे दोन खंडांत मिळून छत्तीस वर्षं माझ्या दारापुढचा केर कोणीतरी काढत होतं, आणि मी स्वतःला कष्टाळू समजत होते.

२००९ मध्ये तुझ्या काकांची बदली इथे झाली. पहिल्याच महिन्यात समोरच्या दारावरची पाटी आमच्या दारावर आली. पोस्टकार्डाएवढी, लाकडी, वर 'केरवोख' असं कोरलेलं, दोरी काळी पडलेली. मजल्यावर दोनच घरं, आम्ही आणि समोरचे एक म्हातारे गृहस्थ, एकटेच राहणारे. एक आठवडा त्यांचा, एक आमचा. मी चौकशी केली आणि दर दोन आठवड्यांनी गुरुवारी येणारी एक बाई लावून टाकली. प्रश्न मिटला. त्यांची पाटी आमच्या दाराला लागली की बाई यायची, जिना पुसायची, पाटी त्यांच्या दाराला लावून जायची. ते भेटले की मी एडिसनमध्ये शिकलेलं ते मोठं हसू हसायचे आणि "ग्र्यूस गॉट" म्हणायचे. ते मान हलवायचे.

माझं बाकी आयुष्य इंग्रजीत मजेत चाललं होतं. शहरातल्याच फायहिंगन भागातल्या लष्करी तळावरच्या दोन अमेरिकन कुटुंबांशी ओळख झाली, त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंग व्हायचं, आमच्याकडे गणपती. अमेरिकेच्या युरोपातल्या लष्कराचं मुख्यालय तिथे आहे, तेव्हा या शहरात जर्मनचा एक शब्द न बोलता दहा वर्षं काढता येतात. मी चार काढली.

चौथ्या हिवाळ्यात पाटी यायची थांबली. एक आठवडा, दोन, तीन. ती त्यांच्याच दाराला लटकत होती. आणि मला काय वाटलं सांगू? बरं झालं, बाईचे पैसे वाचले. एवढंच. मी रोज त्या दारासमोरून खाली जात होते. ते इस्पितळात होते. गेले. मला कळलं ते त्यांची मुलगी घर रिकामं करायला आली तेव्हा. तिने ती पाटी काढून माझ्या हातात दिली आणि चांगल्या इंग्रजीत, अजिबात राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा म्हणायचे, समोर दोन बायका राहतात. एक हसते, एक झाडते."

आता कळलं ना तुला, मला चिठ्ठी का आली नव्हती? मला लिहावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. तुला लिहिणाऱ्या त्या खालच्या मजल्यावरच्या बाई तुला या जिन्यातली एक म्हणून धरताहेत. दोन उद्गारचिन्हं देऊन धरताहेत, पण धरताहेत ना! आणि तू म्हणतेस, कोणालाच नकोय.

म्हणून तू सुचवलेल्या त्या तीस युरोवाल्या सफाईवाल्याला माझा ठाम नकार आहे. हो, कायद्याने चालतं. हो, तुझे शेजारी डॉक्टर तेच करतात. त्यांचं इथे पंचवीस वर्षांचं आयुष्य आहे, त्यांना परवडतं. तुला अजून परवडत नाही. आपला केर आपण काढायचा.

आणि बर्लिनला जायचा विचार? तिथे सगळे इंग्रजी बोलतात म्हणे. मग एडिसन काय वाईट होतं? (बर्लिनबद्दल माझं मत एकांगी आहे, मान्य. माझा मुलगा तिथे दोन वर्षं राहिला आणि माझ्याकडे तीनदा आला.)

मुलाचं नाव निघालंच आहे तर तू न विचारलेलंही सांगते, कारण तुझ्या आईने तुला तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच. २०१३ च्या उन्हाळ्यात तुझ्या काकांचं इथलं काम संपलं आणि ते परत गेले. मी गेले नाही. एडिसनमध्ये काय काय बोललं गेलं ते मला माहीत आहे. हिला जर्मनी चढली. हिला तिथे कोणी भेटलं. कोणी भेटलं नव्हतं, एक जण न भेटताच गेला होता. पण हे असं कोणाला सांगायचं? मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते, मुलांच्या वाचनालयात अर्ध्या दिवसाचं काम नुकतंच मिळालं होतं, जर्मनची तिसरी परीक्षा दीड महिन्यावर होती. आधी पुणं सोडलं ते काकांच्या नोकरीसाठी, न्यू जर्सी सोडलं तेही त्यांच्या नोकरीसाठी. तिसऱ्यांदा सामान बांधायला मन तयार होईना. आम्ही भांडलो नाही. ते दर मे महिन्यात येतात, मी डिसेंबरात जाते. याला लोक काय म्हणतात ते म्हणू देत. चूक असेलही. पण रोज सकाळी उठून मला ती चूक वाटत नाही, आणि रात्री कधी वाटली तर मी जिना पुसायला घेते. असो. हे तुझ्यासाठी नव्हतं.

तुझ्या हातात एक गोष्ट आहे जी तुझ्या ऑफिसातल्या बाकीच्या अमेरिकन मुलांकडे नाही. त्यांना 'झी' आणि 'डू' घोकून पाठ करावं लागतं, तुला 'तुम्ही' आणि 'तू' आईच्या दुधातून मिळालंय. खालच्या बाईंना तू ईमेलमध्ये पहिल्या नावाने हाक मारलीस, असं लिहिलं आहेस. मुली, तू त्यांना मराठीत 'ए' म्हणाली असतीस का? आडनाव, त्याआधी 'फ्राउ', आणि 'झी'. 'डू' त्या देतील, वयाने मोठ्या आहेत म्हणून. मला आमच्या जिन्यातल्या बाईंनी सातव्या वर्षी दिलं, माझ्या हातात ओलं फडकं असताना. त्यांनी हात पुढे केला, मी घाईने हात साडीला, म्हणजे पँटला पुसला, आणि त्यांनी आपलं पहिलं नाव सांगितलं.

कौतुकाची वाट पाहू नकोस. तुला सवय आहे ती 'ऑसम, ग्रेट जॉब' ची. इथले श्वाबन लोक म्हणतात, "नेट ग्शिम्फ्ट इश् ग्नुग ग्लोब्ट", म्हणजे शिव्या दिल्या नाहीत यातच कौतुक आलं. हे तुला नवीन नाही. तुझे आजोबा नव्वद टक्क्यांना काय म्हणायचे ते आठव. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण मला विचारशील तर सोयरीक पुण्याशी व्हायला हवी होती.

तर या शनिवारी. रविवारी नाही, रविवारी बादलीचा आवाज हा गुन्हा समजतात. दुपारी एक ते तीनही नको. अकराच्या सुमाराला बाहेर ये. कानात गाणी लावू नकोस, कोणी दार उघडलं तर ऐकू यायला हवं. आधी वरून खाली झाडून घे, कोपऱ्यातला केर सुपलीत, मग पुसायचं. कठड्याच्या गजांखालची पट्टी विसरू नकोस, त्या तिथेच बोट फिरवून बघतात. कोणी आलं नाही तरी पाटी पुढच्या दाराला लाव आणि आत जा. चिठ्ठीला उत्तर म्हणून केक घेऊन जाऊ नकोस, लांबलचक माफीही लिहू नकोस. तीही अमेरिकन खोड. चौकोनी कागदावर एक ओळ पुरे: "आठवण दिल्याबद्दल आभार, या आठवड्यात माझी पाळी आहे."

पुढच्या महिन्यात बर्फ पडू लागलं तर तुझ्या पाळीला सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा करायचा असतो. फावडं तळघरात असेल. नसेल तर माझं जादाचं आहे, ट्रामने घेऊन ये, लोक बघतील, बघू देत.

तुझी,
मावशी

ता. क. जिना जुना, लाकडी आहे म्हणालीस ना? मग पाणी ओतू नकोस. फडकं दोनदा घट्ट पिळून घे, आणि पायरीच्या कडेपासून भिंतीकडे पूस.